घरचा डबा लिनक्सवर नेला त्याची गोष्ट

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. संपला म्हणजे कॉम्प्युटर त्या रात्री बंद पडत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबतं, एवढंच. पण हा फरक लोकांना समजावून सांगता सांगता माझा घसा बसला. अर्धे लोक म्हणतात, "काही होत नाही रे, चालून राहिलं तर चालू दे." उरलेल्या अर्ध्यांना दुकानदाराने आधीच गाठलेलं असतं.

मलाही गाठलं. आमच्या घरच्या डब्यात, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये, इंटेलचा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. म्हणजे एका पिढीने आमचा नंबर हुकला. नागपूरला यशवंत स्टेडियमसमोर धंतोलीत कॉम्प्युटरची दुकानं आहेत, तिथे एसएसडी घ्यायला गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "भाऊ, नवीनच घेऊन घ्या न. याच्यात आता कायले पैसे टाकता?" अरे, पण या डब्याला झालंय काय? बाबांचे सोसायटीचे हिशेब यावर होतात, भाचा सुट्टीला आला की यावरच खेळतो, मी रेस बघतो, स्टीअरिंग व्हील लावून गाडी पळवतो. कुठेच अडत नाही. सॉफ्टवेअरच्या एका तारखेने चांगलं चालणारं मशीन भंगारात काढायचं, हे माझ्या बुद्धीला पटत नाही.

तपासणीला बगल देऊन जुन्या मशीनवर विंडोज ११ बसवता येतं, हे मला ठाऊक आहे. ओळखीतल्या पोरांनी बसवलंही. पण पुढची मोठी आवृत्ती बसेल की नाही याची टांगती तलवार कायम राहते. घरातल्या सगळ्यांच्या मशीनवर असले प्रयोग मी करत नाही. म्हणून लिनक्स, विंडोजच्या जागी बसणारी फुकट आणि खुली सिस्टिम.

खरं कारण मात्र प्रोसेसरचं नव्हतं. मी एफ-वनवाला, म्हणजे फॉर्म्युला वन रेस बघणारा माणूस. २००२ मध्ये ट्रॅकशेजारी पिटमध्ये बसलेला इंजिनिअर धावत्या गाडीची सेटिंग लांबून बदलू शकत होता. २००३ पासून ते बंद केलं. गाडीकडून पिटकडे माहिती येते, ढिगाने येते. पण पिटमधून गाडीत हात घालता येत नाही. इंजिनिअरने रेडिओवर सांगायचं आणि बटण ड्रायव्हरने फिरवायचं. मला कॉम्प्युटर असा हवा आहे. काय बसवायचं, केव्हा रीस्टार्ट करायचं, कोणती माहिती बाहेर पाठवायची ते खुर्चीवर बसलेला ठरवेल. विंडोजच्या घरगुती आवृत्तीत निदानाची म्हणून जी माहिती कंपनीकडे जाते ती कमी करता येते, पूर्ण बंद करता येत नाही. कंपनी तिचं वाईटच करते असं माझं म्हणणं नाही. पण बंद करायचं बटण मशीनच्या मालकाकडे असावं.

कुठलं लिनक्स, यावर लोक वर्षानुवर्षं भांडतात. मी मिंट घेतलं, सिनॅमन डेस्कटॉप. खाली डावीकडे मेन्यू, उजवीकडे घड्याळ. बाबांना काही नवीन शिकावं लागणार नाही, एवढीच अट होती.

इन्स्टॉल करायची आयएसओ फाइल उतरवल्यावर तिचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसाच, साइटवर दिलेल्याशी जुळवून बघावा. बहुतेक जण हे टाळतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये याच मिंटची वेबसाइट हॅक झाली होती आणि डाउनलोडची लिंक मागचं दार ठेवलेल्या बनावट फाइलकडे वळवली होती. ज्यांनी जुळवून पाहिलं त्यांना कळलं असतं. एक कमांड, थोडा धीर, आणि अक्षरांच्या लांबच लांब ओळीची सुरुवात आणि शेवट डोळ्यांनी बघायचा.

जुन्या डिस्कला मी हातच लावला नाही. एकाच डिस्कवर दोन सिस्टिम ठेवायची कसरत करण्यापेक्षा नवी एसएसडी लावायची आणि जुनी विंडोजसकट काढून कपाटात ठेवायची, हा माझ्या मते सगळ्यात निर्धास्त मार्ग. काही बिघडलंच तर दोन केबल बदलल्या की जुना संसार परत उभा. त्यासाठी कॅबिनेट उघडलं आणि नागपूरचा उन्हाळा आत साठलेला दिसला. डबा कूलरच्या वाऱ्यात ठेवलेला, त्यात कूलरला बोअरचं पाणी. पंख्याच्या पात्यांवर धुळीचा ओलसर थर बसून वाळला होता, मागच्या जाळीवर क्षाराचे पांढरे ठिपके, दोन स्क्रू गंजलेले. ब्रश घेऊन गच्चीवर नेऊन साफ केलं. नुसत्या त्या सफाईने पंख्याचा आवाज निम्मा झाला, आणि बाबांना वाटलं तो लिनक्सचा गुण. मी दुरुस्त केलं नाही.

प्रत्यक्ष इन्स्टॉल करण्यात सांगण्यासारखं काही नाही. आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज, ब्लूटूथ बघून घेतलं आणि मग बसवलं. एनव्हिडियाचा ड्रायव्हर 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून घेतला. १०५० टीआयच्या पिढीसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका, तेवढं लक्षात ठेवायचं. अपडेट आले की कोपऱ्यात ढाल दिसते आणि तिथेच थांबते. मी म्हणेन तेव्हाच ते बसतात.

खरी परीक्षा मराठीची होती. बाबा इनस्क्रिप्ट या सरकारी कीबोर्डवाले. कार्यालयात शिकले आणि तेच बोटांत बसलं. मी गमभनवर वाढलो, इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करायचा आणि मराठी उमटतं. आयबस हा भाषा टाइप करायचा प्रोग्रॅम आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज टाकलं की मराठीचे दोन्ही प्रकार यादीत मिळतात, आणि एका कळीने इंग्रजी-मराठी बदलता येतं. बाबा खुर्चीत बसले, चष्मा वर केला आणि पहिला शब्द टाइप केला 'दुसऱ्या'. त्यांची ही ठरलेली चाचणी आहे. शिफ्ट दाबून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ. र ला अर्धी कोयती आली पाहिजे, रफार उडून डोक्यावर बसता कामा नये. आली. मग 'सुऱ्या', मग 'वऱ्हाड'. "ठीक आहे," म्हणाले. आमच्या घरात याच्या वरची पदवी नाही.

त्यांच्या जुन्या फाइली मात्र रुसल्या. युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये केलेली सोसायटीची इतिवृत्तं लिब्रेऑफिसमध्ये उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची चिन्हं. जुन्या डिस्कवरून त्या फाँटच्या फाइली काढून होम फोल्डरमधल्या फाँटच्या जागी टाकल्या आणि मजकूर दिसू लागला. दिसतो, पण शोधता येत नाही. तो कायमचा युनिकोडमध्ये आणायचं काम मी बाबांच्या गळ्यात टाकलं, आणि ते आवडीने रोज दुपारी एकेक फाइल बदलत बसतात.

आता खेळ. लिनक्सवर गेम चालत नाहीत हे वाक्य २०१८ पर्यंत बऱ्यापैकी खरं होतं. त्या वर्षी व्हॉल्व्हने प्रोटॉन आणलं. विंडोजसाठी बनवलेला खेळ स्टीम या त्यांच्या खेळांच्या दुकानातून थेट लिनक्सवर चालवणारा मधला थर. २०२२ मध्ये स्टीम डेक आला. तो हातातला गेमिंग कॉम्प्युटर मुळात लिनक्सच आहे, त्यामुळे खेळ बनवणाऱ्यांनाही लक्ष घालावं लागलं. माझा असेटो कोर्सा हा रेसिंगचा खेळ चालतो. मूळ लाँचरऐवजी कंटेंट मॅनेजर वापरायचं असेल तर प्रोटॉनट्रिक्स या साधनातून काही गोष्टी बसवाव्या लागतात, एक संध्याकाळ जाते. माझं लॉजिटेक जी२९ व्हील मात्र केबल लावताच ओळखलं गेलं, कारण त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच आहे. व्हीलवरचा सरकता खटका पीएस३ कडे ठेवायचा, ओव्हरस्टीअर नावाच्या छोट्या प्रोग्रॅममधून ९०० अंशांची फिरकी लावायची आणि बसायचं.

चाचणीसाठी मी नेहमी बुद्ध सर्किट हा आपल्याकडचा ट्रॅक घेतो. भारतात एफ-वनच्या तीनच रेस झाल्या, २०११ ते २०१३, तिन्ही तिथे आणि तिन्ही वेटेलने जिंकल्या. पुढे कराच्या भांडणात सगळं बसलं. तिथलं दहा-अकरा नंबरचं उजवं वळण लांबच लांब आहे, त्यामुळे व्हील बराच वेळ एकाच बाजूला धरून ठेवावं लागतं. पुढच्या टायरची पकड सुटायला लागली की हातातला जोर हलका होतो, आणि तो क्षण हाताला कळला नाही तर गाडी बाहेर गेलीच म्हणून समजा. विंडोजवर जसं कळायचं तसंच शेवटी कळलं. आधी कर्नलमधल्या ड्रायव्हरने मला थोडं बोथट वाटत होतं, न्यू-एलजी४एफएफ हा वेगळा मॉड्यूल टाकल्यावर ते गेलं. आता कर्नल बदलला की तो मॉड्यूल परत बनला की नाही हे बघावं लागतं. डीकेएमएस नावाची सोय ते आपोआप करते, पण मी बघतोच.

भाच्याचं प्रकरण इतक्या सुखाने मिटलं नाही.

"मामा, व्हॅलोरंट कुठे आहे?"

"नाही चालत यावर."

"म्हणजे? काहून नाही चालत?"

मग त्याला बसवून सांगितलं. व्हॅलोरंट या गोळीबाराच्या ऑनलाइन खेळाचं व्हॅनगार्ड, म्हणजे लबाडी पकडणारं अँटी-चीट, विंडोजच्या थेट कर्नलमध्ये बसतं आणि मशीन चालू होताच सुरू होतं, खेळ उघडा वा न उघडा. लबाडी पकडायची तर खोलवर बसावं लागतं, हा त्यांचा युक्तिवाद चुकीचा नाही. रँक्ड खेळणाऱ्या पोरांना विचारा, एका चोरामुळे अर्ध्या तासाचा सामना कसा नासतो ते. पण एका खेळासाठी घरच्या हिशेबाच्या मशीनमध्ये एवढी खोल जागा द्यायची का, हा माझा प्रश्न आहे, आणि माझ्या घरात माझं उत्तर नाही असं आहे. मला याहून जास्त खटकतं ते वेगळंच. ईएच्या डब्ल्यूआरसी या रॅलीच्या खेळात विक्रीनंतर, २०२४ मध्ये, अँटी-चीट घातलं गेलं आणि तोवर लिनक्सवर चालणारा खेळ चालेनासा झाला. युबिसॉफ्टच्या द क्रूचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले, तेव्हा पैसे मोजून घेतलेला खेळ एकट्याने खेळायचीही सोय उरली नाही. विकत घेतलं म्हणजे नेमकं काय घेतलं, हे आता पावतीवर लिहायला पाहिजे.

भाच्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते ठीक आहे मामा, पण मी खेळू काय?" काउंटर-स्ट्राइक २ लावून दिलं, त्याची खास लिनक्ससाठीची आवृत्तीच आहे. दोन दिवस तोंड वाकडं होतं. "हे तुमच्या पिढीचं व्हॅलोरंट आहे," असा शेराही मिळाला. तिसऱ्या दिवशी जेवायला हाका मारून मारून आई थकली.

राहिला प्रिंटर. कंपनीचं नाव घेत नाही. काळापांढरा छोटा लेझर, सोसायटीच्या नोटिसा काढून काढून म्हातारा झालेला. त्याची भाषा त्याच्या कंपनीची स्वतःची. लिनक्ससाठी दिलेला ड्रायव्हर जुनापुराणा, बसवायला गेलं की असल्या लायब्ररी मागतो ज्या आता मिळत नाहीत. कुणा भल्या माणसाने लिहिलेला मुक्त ड्रायव्हर बनवून पाहिला. पहिलं पान झकास आलं. दुसऱ्याला दिवा लुकलुकत राहिला, बंद करून चालू केला की परत एकच पान. बाबा म्हणाले, "एका पानाच्या सभासदांनाच नोटीस देत जाऊ." शेवटी तो सोसायटीच्या कार्यालयातल्या विंडोजच्या मशीनला लावून टाकला, तिथे सुखात आहे. पुढचा घेताना आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट लिहिलेलाच घेईन. त्यांना वेगळा ड्रायव्हरच लागत नाही.

पण मधल्या काळात बाबांना आधारची प्रत हवी होती, म्हणून त्यांच्यासोबत चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. तिथली पद्धत तुम्हाला माहीतच आहे. भिंतीवर चिकटवलेल्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करायचं, आणि त्याच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब सताड उघडं. मी काउंटरवरून वाकून बघितलं. एकाखाली एक अनोळखी नंबर आणि प्रत्येकात तेच: 'ईआधार'ने सुरू होणारी पीडीएफ फाइल, आणि खाली लगेच पासवर्ड. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. ई-आधारच्या पासवर्डचा नमुना सगळ्यांचा एकच असतो, त्यामुळे ज्याने पासवर्ड पाठवला नाही त्याचाही अंदाजाने लागतो. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये आधार, पॅन, मार्कशीट, भाडेकरार, कुणाचा तरी रक्ताचा रिपोर्ट, कुणाचे लग्नाच्या बायोडेटासाठी काढलेले फोटो. अख्खा वॉर्ड त्या एका फोल्डरमध्ये नांदत होता. मशीनला पासवर्ड नाही, कारण दुपारी मुलगा बसतो, संध्याकाळी काका.

मी घरी बसून कोणता ब्राउझर कोणती कुकी ठेवतो याचा हिशेब करत होतो. फायरफॉक्समध्ये जाहिराती अडवायला यूब्लॉक ओरिजिन, पासवर्ड कीपासएक्ससी या कुलूपबंद तिजोरीत, सगळं चोख. आणि इथे चार पावलांवर सगळ्यांची कुंडली मांडलेली. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमुखाने सांगितलं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये. चौकातला झेरॉक्सवाला यातलं काहीच ऐकून नाही, आणि त्याला दोष तरी काय द्यायचा? तो दोन रुपयांत पान काढून देतो. प्रत मागणारं कार्यालय 'आधार जोडा' म्हणतं, त्याला खरं तर कुठला तरी पुरावा हवा असतो.

आम्ही पाठवलं ते मास्क्ड आधार, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. यूआयडीएआयच्या साइटवर उतरवताना एक चौकट टिचकवायची असते. प्रत हातात आल्यावर मी त्या मुलाला म्हटलं, "भाऊ, आमची फाइल तेवढी डिलीट कर न."

"कोणती होती?" त्याने फोल्डरभर नजर फिरवली, कंटाळला, आणि सगळंच निवडून डिलीट दाबलं. "घ्या, साफ."

"रिसायकल बिन पण."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की बाबा मला दंडाला धरून बाहेर घेऊन आले.

७ डिसेंबर २०२५ ला एफ-वनच्या मोसमाची अबुधाबीची शेवटची रेस होती, आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेसहाला. दुसऱ्या दिवसापासून हिवाळी अधिवेशन, त्यामुळे सिव्हिल लाइन्सकडे जागोजागी बॅरिकेड लागलेले. कुठे जायचं नाही हे आधीच ठरलं होतं. फायरफॉक्समध्ये रेस दाखवणारं फॅनकोड लावायचं तर डीआरएम चालू करावं लागतं, म्हणजे आत काय चाललंय ते न दिसणारा बंद कोडचा एक तुकडा ब्राउझरमध्ये येऊ द्यायचा. मी येऊ दिला. तत्त्वासाठी शेवटची रेस सोडणारा माणूस मी नाही. व्हरस्टॅपेन जिंकला, नॉरिस तिसरा आला आणि वर्षभराच्या बेरजेत दोन गुणांनी, ४२३ विरुद्ध ४२१, जगज्जेता झाला. "तिसरा आला अन् जिंकला कसा?" हा बाबांचा प्रश्न. गुणतक्ता लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये मांडून दाखवावा लागला, आणि त्यांनी बेरीज तपासली.

आमच्या लिनक्सची बातमी कॉलनीत पसरल्यावर समोरचे काका त्यांचा लॅपटॉप घेऊन आले. "माझंही करून दे रे." मी आधी विचारलं, यावर काय काय करता. टॅली. जीएसटी भरायला डिजिटल सहीचा डोंगल. नातवाच्या शाळेचं एक ॲप. मी सरळ नाही म्हटलं. टॅली विंडोजसाठी आहे. जुगाड करून चालवता येईल, पण ३१ मार्चला रात्री अकरा वाजता ती अडली तर काका माझंच दार वाजवणार. त्यांच्यासाठी मी दुसरा मार्ग सांगितला. विंडोज १० ला सुरक्षेच्या दुरुस्त्यांची एक वर्षाची मुदतवाढ घेता येते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, आणि सेटिंगचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. ती नोंदणी तिथेच बसून करून दिली.

"म्हणजे तू स्वतः लिनक्स वापरतो अन् मला विंडोजच ठेव म्हणतो?"

"हो काका. तुमचं काम त्याच्यावर आहे न."

त्यांना ते फारसं आवडलं नाही. चहा पिऊन उठले, चपला घालता घालता थांबले. "तुझे बाबा सांगत होते, ते आधार झाकायचं काय असते, ते तरी करून दे." परत बसलो. साइट उघडली, नंबर टाकला, ओटीपी पाठवला. तो गेला पुण्याला मुलाच्या मोबाईलवर. काकांनी फोन लावला. मुलगा मीटिंगमध्ये होता. आईने दुसऱ्यांदा चहा टाकला.